वीस बोंडं फोडल्यावर

ऑक्टोबर लागला की वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या आसपास कुठल्या ना कुठल्या वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, पानं लाल पडायला लागतात. धुऱ्यावरून जाणारा शेजारी थांबतो, एक पान तोडून बघतो आणि सांगतो, "भाऊ, लाल्या आला. मॅग्नेशियम मारून द्या." दुपारी कृषी केंद्रातून पुडा येतो आणि संध्याकाळी पंप पाठीवर चढतो.

शेजाऱ्याने आपुलकीने सांगितलं आणि कदाचित बरोबरही सांगितलं असेल. पण त्याच्या बोलण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पान लाल झालं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. मॅग्नेशियम कमी पडलं, हे त्याने पाहिलेलं नव्हतं. पहिल्या गोष्टीला दुसरी त्याच्या मनाने जोडली, आणि इतक्या लवकर जोडली की दोन्ही एकच वाटल्या. गृहीतक आणि निष्कर्ष यांतला सगळा गोंधळ या जोडणीत असतो.

पान लाल पडण्याची कारणं अनेक आहेत. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर आधी खालची, जुनी पानं बदलतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात, खाली मुडपतात आणि करपतात. पान उलटून पाहिलं तर तिरके पळणारे हिरवट किडे दिसतात. बोंडांचा भार वाढला आणि नत्र अपुरं पडलं, तरी पानं लाल होतात. वावरात पाणी साचून राहिलं, किंवा रात्रीचा गारवा एकाएकी वाढला, तरीही होतात. कधी यातली दोन-तीन कारणं एकत्रच येतात. लाल रंग सगळ्यांचा सारखा, उपाय मात्र वेगळे. तुडतुड्यांनी ग्रासलेल्या वावरात मॅग्नेशियम सल्फेट मारलं तर पैसा जातो आणि किडे जागेवरच राहतात. पान उलटायला पाच सेकंद लागतात. बहुतेक वेळा तेवढंच राहून जातं.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने हा घोटाळा फार बारकाईने ओळखला होता. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे, हे अनुमानाचं नेहमीचं उदाहरण. ते टिकतं, कारण जिथे धूर तिथे आग, हा संबंध कुठेच मोडलेला दिसत नाही. त्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. हेच उलटं करून पाहा. आग आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. लोहाराच्या भात्याजवळ वखराची पास पाजवताना ज्याने पाहिली असेल, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. धूर निघायला ओलं इंधन लागतं. ती अट आपण बोलताना गाळतो. शिवाय डोंगरावर दिसतो तो धूरच आहे की धुकं, हेही आधी तपासायला हवं.

लाल्याचं गणित नेमकं असंच उलटं मांडलेलं असतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर पानं लाल होतात, हे खरं. म्हणून पानं लाल झाली की मॅग्नेशियमच कमी, हे त्यातून निघत नाही. घरात, दवाखान्यात, शाळेत होणाऱ्या कितीतरी चुका याच वळणाच्या आहेत, असं मला वाटतं. अभ्यास न करणाऱ्या मुलाला गुण कमी पडतात. गुण कमी पडलेल्या प्रत्येक मुलाने अभ्यास टाळलेला नसतो. त्याला फळ्यावरचं दिसत नसेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

कापसाने विदर्भाला याहून मोठा धडा दिला. बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला आणि दोन जनुकांचं बोलगार्ड-२ २००६ मध्ये. बोंडअळी खरोखरच आटोक्यात आली. त्या अनुभवातून एक वाक्य गावोगाव पक्कं झालं: बीटी आहे, म्हणजे बोंडअळी येणार नाही. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची. ती चारही बाजूंनी लावायची होती, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्या शिल्लक राहिल्या असत्या आणि प्रतिकारशक्ती आलेल्या अळ्यांचा वंश लवकर वाढला नसता. ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. फरदड, म्हणजे हंगामानंतरही न उपटलेली पऱ्हाटी, मार्चपर्यंत उभी राहिली आणि अळीला जवळजवळ वर्षभर अन्न मिळालं. गुजरातेत अमरेलीकडे गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नसल्याचं २००९-१० च्या सुमारास समोर आलं. २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडंच्या बोंडं किडकी निघाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. वावरात काय धरून चालायचं, हा प्रश्न किती जवळचा आहे ते त्या हंगामाने दाखवलं.

बीटीबद्दलचं ते वाक्य सुरुवातीला खोटं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. आधी तो चांगला निष्कर्ष होता. परिस्थिती बदलली, तो मात्र पुन्हा कोणी तपासला नाही, आणि न तपासता वापरत राहिल्यामुळे त्याचं गृहीतक झालं.

सेलू तालुक्यातच, हिंगणीजवळ बोर धरणाच्या काठाला, याचा दुसरा दाखला आहे. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आज तिथे वाघ मोजायला कॅमेरे असतात. पूर्वी देशभर पावलांच्या ठशांवरून मोजणी व्हायची. काच ठेवून ठसा उतरवायचा आणि अनुभवी माणूस सांगायचा, हा अमुक वाघ. ठसा खरा असायचा. पण प्रत्येक वाघाचा ठसा नुसत्या नजरेने वेगळा ओळखता येतो, हे मात्र धरलेलं होतं. ओल्या मातीत आणि कोरड्या धुळीत एकाच पायाचे ठसे निराळे उमटतात. राजस्थानातल्या सरिस्कात २००५ मध्ये उघड झालं की कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर पट्ट्यांवरून ओळख पटवण्याची पद्धत देशभर आली. तिथेही घाई चालत नाही. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. कॅमेरा एकाच बाजूला असला तर जाता-येता एकच वाघ दोन म्हणून मोजला जाऊ शकतो.

एवढं सगळं तपासत बसलं तर जगणं कठीण होईल, हेही खरं. पाऊस येणार हे धरूनच पेरणी होते. पत्ता वाचताना टपालवालाही काहीतरी धरूनच चालतो, आणि तिथेही कधीकधी चुकतं. गांधीजी राहायला गेले त्या सेगावची पत्रं शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. सेलूही दोन आहेत, एक आपलं आणि एक परभणी जिल्ह्यातलं. धरून चालल्याशिवाय गाडं हलत नाही. फक्त आपण काय धरलं आहे ते माहीत हवं, आणि चुकलं तर किती महागात पडेल याचा अंदाज हवा. चुकलेलं पत्र परत येतं. चुकीच्या फवाऱ्यावर गेलेले पैसे परत येत नाहीत.

फवाऱ्याबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकते. फवारलं आणि आठ दिवसांत पीक सुधारलं, म्हणून औषध लागू पडलं, असं आपण म्हणतो. त्या आठ दिवसांत उघाड पडली असेल, साचलेलं पाणी निचरलं असेल. मधली दोन तासं, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, न फवारता सोडली असती, तर पऱ्हाटीनेच उत्तर दिलं असतं. ती दोन तासं सोडायला धीर लागतो, कारण मन म्हणत असतं की तेवढं पीक हातचं जाईल.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत असा धीर अंगवळणी पाडणारी एक साधी रीत शास्त्रज्ञांनी दिली आहे. ही अळी लहानपणीच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, निरोगी दिसतं. त्यामुळे धुऱ्यावरून बघून "यंदा अळी नाही" म्हणणं आणि "यंदा सगळं गेलं" म्हणणं, दोन्ही सारखीच धरलेली विधानं आहेत. म्हणून कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर धोक्याची पातळी गाठली. शिवाय एकरातून वेगवेगळ्या वीस झाडांवरचं एकेक हिरवं बोंड तोडायचं. हाताला येईल ते घ्यायचं, किडकं दिसतं म्हणून निवडायचं नाही आणि चांगलं दिसतं म्हणून टाळायचं नाही.

मग धुऱ्यावर बसून एकेक फोडायचं. विसांत दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, आता फवाऱ्याचा विचार करायचा. एकच निघालं तर पंप खांद्यावरून उतरवायचा, वहीत तारीख घालायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वीस तोडायची.