मांत्रिक तपासाला निघतो तेव्हा

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की वाटेत कनेरगाव नाका लागतो. मागे एकदा तिथे एका गुरुजींनी मला चहाच्या हॉटेलात गाठले. म्हणाले, "सर, मोठ्या वर्गातली पोरं भुताखेतांच्या, मांत्रिकांच्या कादंबऱ्या वाचतात. असली पुस्तकं शाळेच्या कपाटात ठेवावीत, का काढून टाकावीत?"

उत्तर देण्याआधी ही कादंबरी असते कशी, ते पाहू.

रहस्यकथा आपल्या ओळखीची आहे. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मराठी वाचकांनी डोक्यावर घेतले होते. गुन्हा घडतो, हेर विचारपूस करतो, खुणा जुळवतो आणि गुन्हेगार सापडतो. कॉनन डॉइल यांची बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी १९०२ साली पुस्तकरूपाने आली. तीत माळावर आग ओकणारे भुताचे कुत्रे दिसते. शेरलॉक होम्स शोध लावतो, तेव्हा कळते की कुत्रे खरेच आहे. त्याच्या तोंडाला फॉस्फरस फासलेला आहे. भूत गेले आणि माणूस सापडला!

दुसऱ्या प्रकारात मात्र भूत शेवटपर्यंत भूतच राहते. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी 'समर्थ' हा नायक उभा केला. पछाडलेली माणसे त्याच्याकडे येतात. तो त्यांचे ऐकून घेतो, बाधेचे मूळ शोधतो आणि मनःसामर्थ्याने तिच्याशी झुंजतो. अमेरिकेत जिम बुचर यांनी २००० साली हॅरी ड्रेसडेन आणला. हा शिकागो शहरात चक्क पाटी लावून बसलेला जादूगार! पोलीससुद्धा त्याचा सल्ला घेतात. पण जादूने कुणाचा जीव घ्यायचा नाही, हा जादूगारांचा कायदा त्यालाही मोडता येत नाही.

गंमत अशी की होम्सचे जनक डॉइल स्वतः मृतात्म्यांशी बोलता येते असे मानत. आणि समर्थाचे लेखक धारप विज्ञानकथाही लिहीत. म्हणजे लेखकाचा विश्वास एक आणि कथेचा नियम दुसरा. कथेतला मंत्र कथेपुरताच खरा. सोंगट्यांच्या पटावरचा राजा आपण घरी पाटावर बसवतो का? तसंच हे.

धोका आहे तो पुस्तकाबाहेरच्या मांत्रिकाचा. पावसाळ्यात शेतात साप चावला, तर पहिला तास मोलाचा असतो. तो मंत्र-दोऱ्यात गेला, तर माणूस हातचा जातो. सर्पविषावरची लस दवाखान्यातच मिळते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून त्याच्यावर मंत्र-गंडेदोरे करणे, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि शिवाय दंड.

म्हणून गुरुजींना मी म्हणालो, "कपाट उघडंच ठेवा. फक्त पुस्तक वाचून झालं की पोरांना चार प्रश्न विचारा. नायकानं स्वतः काय पाहिलं? त्याला कुणी काय सांगितलं? त्यातलं त्यानं काय तपासलं? आणि हाच प्रसंग आपल्या गावात घडला, तर आपण आधी कुठं धाव घ्यायची?"

ही सवय लागली, की पोरं रात्री समर्थाची गोष्ट वाचून घाबरतील, मजेत घाबरतील. आणि वेळ आली तर दुखणाईताला तडक दवाखान्यात नेतील.