एका गोळीची बातमी

मार्च २०२० मध्ये औषधांच्या दुकानांतून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिसेनाशी झाली. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण ही गोळी वर्षानुवर्षं घेत आले होते. ते दुकानोदुकानी हिंडू लागले. मलेरियाची ही गोळी कोरोना बरा करते, अशी बातमी आली होती.

बातमीचं मूळ फ्रान्समधल्या मार्सेय शहरात. तिथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ दिदिए राउल्त यांच्या चमूचा या गोळीवरचा शोधनिबंध २० मार्चला प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याचा डंका पिटला. काही दिवसांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आरोग्य कर्मचाऱ्यांना ही गोळी प्रतिबंधक म्हणून सुचवली. एप्रिलमध्ये मुंबई महापालिका ती धारावीत वाटायला निघाली होती. मग हात आखडता घेतला.

मार्सेयचा तो निबंध आज वाचताना आधी संख्या डोळ्यांत भरते. रुग्ण अवघे ३६, त्यांत गोळी घेतलेले २०. मुळात ते २६ होते. गाळलेल्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं होतं, एक दगावला होता. आणि मोजलं काय, तर सहाव्या दिवशी नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडतो का, एवढंच. हे सारं निबंधातच लिहिलेलं होतं. मथळ्यात मावलं नाही.

मग वारं फिरलं. २२ मे रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला: ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, आणि निष्कर्ष असा की गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने या गोळीची चाचणी थांबवली. मार्चच्या बातमीला हसणारे आम्ही या बातमीवर मात्र चटकन विश्वास ठेवून बसलो, कारण ती आमच्या मनासारखी होती. या निबंधाची आकडेवारी पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ नोंदी तपासायला दिल्याच नाहीत, आणि ४ जूनला तो निबंध मागे घेतला गेला.

दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने निकाल सांगितला. तिथे गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. अंतिम आकडे असे: गोळी मिळालेले १,५६१, न मिळालेले ३,१५५, २८ दिवसांत मृत्यू अनुक्रमे २७ आणि २५ टक्के. फायदा नाही.

मार्सेयचा निबंध मागे घेतला गेला तो डिसेंबर २०२४ मध्ये, पावणेपाच वर्षांनी. तेवढं थांबायची गरज नव्हती. माणसं किती, वगळली कोण, मोजलं काय, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आले असते. ते विचारावेत, आणि बातमी आपल्या मनासारखी असेल, तर आधी विचारावेत.