शेवंतीला हवी अखंड रात्र

ऑक्टोबर उजाडला की बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या गच्च्यांवर एक कोडं हमखास पडतं. शेवंतीच्या दोन कुंड्या असतात. दोन्ही एकाच नर्सरीतल्या, माती तीच, शेणखतही तेच. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवलेली कुंडी कळ्यांनी भरते. कठड्यावरची, रस्त्याच्या दिव्यासमोरची कुंडी हिरवीगार, पालेदार, पण कळीचा पत्ता नाही. मग तिला आणखी खत मिळतं आणि ती आणखी पालेदार होते. तिला खताची वाण नसते. तिला धड रात्र मिळत नसते.

झाडाला रात्रीची लांबी कळते, याचा पहिला सुगावा लागला भांगेच्या झाडावरून. पॅरिसमध्ये ज्युलियन टूर्न्वा हा तरुण संशोधक भांग आणि हॉप या जवळच्या नात्याच्या दोन वनस्पतींवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं नीट वाढायच्या आधीच, अगदी बोटभर उंचीची असताना फुलू लागली. १९१२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. १९१४ मध्ये तो आणखी पुढे गेला: या अकाली फुलण्यामागे दिवस आखडण्यापेक्षा रात्र लांबण्याचा हात जास्त असावा, असं त्याने लिहिलं. त्यानंतर पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि हा धागा तिथेच तुटला. आज वनस्पतिशास्त्राच्या वर्गात त्याचं नाव क्वचितच निघतं, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्या मुलखालाही भांगेचं झाड अनोळखी नव्हतं. इंग्रजी अमदानीत अहमदनगर जिल्ह्यात सरकारी परवान्यावर गांजाचं पीक निघत असे. पावसाळ्यात पेरायचं आणि थंडीत काढायचं, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्यामागे रात्रीचं गणित होतं. आज हौस म्हणून कुंडीत एक रोप लावणं हासुद्धा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून या लेखात पुढचं सगळं शेवंतीबद्दल. तिचंही फुलणं रात्रीच्या लांबीवरच ठरतं, आणि ती देवालाही वाहता येते.

टूर्न्वाचं म्हणणं खरं होतं, हे सिद्ध व्हायला आणखी दोन तपं लागली. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या एका हट्टी वाणाला उन्हाळ्यात रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात कोंडलं आणि त्याला अवेळी फुलं आणली. १९२० मध्ये त्यांनी ते मांडलं. पण श्रेय त्यांनी दिवसाच्या लांबीला दिलं. खरा उलगडा १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी केला. रानात कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं एक तण त्यांनी निवडलं. त्या तणाला साडेआठ तासांच्या आसपास सलग अंधार मिळाला की ते फुलायला लागतं, आणि अशी एकच रात्र त्याला पुरते. दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडत नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला की फुलणं रद्द! म्हणजे अंधार किती याइतकंच तो अखंड आहे की नाही हेही महत्त्वाचं.

हा अंधार कळतो पानांना. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी हे दाखवलं तेही शेवंतीवरच. शेंड्याकडची पानं त्यांनी काढून टाकली आणि खालच्या पानांना लहान दिवस, लांब रात्री दिल्या. कळ्या आल्या त्या वर, उघड्या शेंड्यावर. पानातून काहीतरी वर जातं, असं म्हणून १९३७ मध्ये त्यांनी त्याला ‘फ्लोरिजेन’ नाव दिलं. ते प्रत्यक्षात एक प्रथिन आहे, हे पटायला २००७ साल उजाडलं. उजेडाची चाहूल घेणारा पानातला पदार्थ म्हणजे फायटोक्रोम. तो तांबड्या प्रकाशाला विशेष जागा असतो. रस्त्यावरच्या दिव्यांत, मग ते जुने पिवळे असोत की नवे पांढरे एलईडी, तांबड्या प्रकाशाचा अंश असतोच.

पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर जेमतेम पाव लक्स भरतं. त्याने शेवंतीचं काही बिघडत नाही. दिव्याच्या खांबालगतच्या गच्चीवर मात्र याच्या कैक पटींनी उजेड पडतो. पॉलिहाऊसमध्ये शेवंतीची फुलं लांबवायची असतील तेव्हा शेतकरी मुद्दाम मध्यरात्री काही तास दिवे लावतात, आणि काही वाणांना अगदी मंद उजेडही पुरतो. जे काम शेतकरी पैसे मोजून करतो, ते आपल्या कठड्यावर महानगरपालिकेचा दिवा फुकटात करत असतो.

बडोद्यात जूनअखेरीस दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो १३ तासांवर येतो, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेबारावर, आणि डिसेंबरात पावणेअकरापर्यंत आखडतो. शेवंतीच्या बऱ्याच वाणांत कळी धरायची हालचाल याच ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. तिथून फूल उमलायला वाणागणिक ७ ते ११ आठवडे लागतात. म्हणून शेंडे खुडायचे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे हातची गेलेली कळी. कळी धरली की नत्राचं खत आवरतं घ्यावं. पाणी बुंध्याशी द्यावं, पानाफुलांवर शिंपू नये. पानं ओली राहिली की बुरशीला आयतंच फावतं. कोवळ्या देठांवर मावा दिसला तर निंबोळी अर्काचा फवारा द्यावा, पण फुलं उमलायच्या आत.

शेंड्याकडे रोज बारकाईने पाहावं. पानांच्या बेचक्यात आधी मोहरीएवढी हिरवी गाठ दिसते, मग ती चपटी होत बटणासारखी फुगते. दिव्यासमोरच्या कुंडीत ही गाठ येतच नाही, किंवा आली तरी तशीच अडून राहते.

कुंडी हलवता येत नसेल तर ऑगस्टच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर दोन पदरी काळं कापड तंबूसारखं टाकावं आणि सकाळी आठला काढावं. कापड पानांना चिकटू देऊ नये, खालून थोडी हवा खेळती ठेवावी. बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हे जपायलाच हवं. एखाद दिवस विसरलात तर फार बिघडत नाही, पण लागोपाठ विसरू नये. कळीच्या टोकाला रंगाची रेघ दिसली की कापडाची गरज संपली.