चवर : हळदीची रानातली बहीण

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हळदीची आणि आल्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे निघतात. जवळच्या हरिपूरला जमिनीतल्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. इकडे सातारा-कोरेगावच्या बाजूला आल्याचे मळे आहेत. ही सारी मळ्यातली मंडळी झाली. परंतु ह्यांचे सगेसोयरे आपल्याच डोंगरात, पावसात भिजत उभे असतात, आणि त्यांची चौकशी आपण सहसा करीत नाही. त्यांतल्याच एका सोयरीची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. तिचे नाव चवर.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी विद्यार्थ्यांना घेऊन कासच्या पठारावर गेलो होतो. धुके होते, पाऊस भुरभुरत होता. पठाराच्या कडेला चवरीचे ताटवे पसरले होते. कर्दळीसारखी रुंद हिरवी पाने, उंची कमरेपर्यंत, आणि मधून वर आलेला हिरवट फुलोरा. एक मुलगा रोप न्याहाळीत वहीत काही लिहीत होता. तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक धनगर आजोबा जवळ येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी आमची धांदल पाहिली आणि मला विचारले, "मास्तर, चवर म्हंजी चवर. तिच्यात हुडकायचं काय? आमच्या पणज्यालाबी ठावं हुती."

प्रश्न बिनतोड होता. मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. आज नीट देण्याचा प्रयत्न करतो.

वर्तमानपत्रात आपण वाचतो, "सह्याद्रीत वनस्पतीची नवी जाती सापडली." ही नवी म्हणजे काल उगवलेली नव्हे. ती तेथे हजारो वर्षे असते. आसपासच्या लोकांना ठाऊकही असते. नवे असते ते तिचे लेखी वर्णन. जिने कधी कास पाहिले नाही, मराठी ऐकली नाही, अशा दूरदेशीच्या व्यक्तीलाही ते वर्णन वाचून हीच ती वनस्पती, दुसरी नव्हे, असे ओळखता आले पाहिजे. आजोबांची ओळख पक्की होती, पण ती त्यांच्या डोळ्यांत होती. ती कागदावर आली म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने जातीचा जन्म होतो.

चवरीचा असा जन्म १८३९ साली झाला. जॉन ग्रॅहॅम नावाचे एक गृहस्थ मुंबईच्या टपाल खात्यात अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी तयार केली. महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावरची ही चवर त्या यादीत आली. ग्रॅहॅम त्याच वर्षी खंडाळ्याला वारले. वय अवघे चौतिसाच्या आसपास. पुस्तकाचा राहिलेला भाग त्यांचे स्नेही जोसेफ निम्मो यांनी पुरा केला. चवरीला त्या पुस्तकात नाव मिळाले 'कर्क्युमा कॉलिना'.

हे दुहेरी नाव म्हणजे काय, ते पाहा. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींच्या बाबतीत ही रीत रूढ केली. पहिला शब्द वंशाचा, आपल्या आडनावासारखा; दुसरा जातीचा. आपल्या घरातली हळद 'कर्क्युमा लाँगा', म्हणजे चवर तिची सख्खी नव्हे, तरी चुलत बहीण ठरली. 'कॉलिना' म्हणजे दांड्याची. रानहळदीच्या काही जातींत पावसाच्या आरंभी फुलोरा पानांच्या आधी थेट जमिनीतून निघतो. चवरीचे तसे नाही. तिचा पानांचा दांडा उंच वाढतो आणि त्याच्या शेंड्याला फुलोरा येतो. एका शब्दात ही खूण नोंदवली गेली.

आता वर्णन करायचे म्हणजे काय काय पाहायचे? मळ्यातल्या शेतकऱ्याला हे समजणे मुळीच जड नाही. जेठा गड्डा कोणता आणि बगल गड्डा कोणता, हे तो हाताने चाचपून सांगतो. शास्त्रज्ञही तेच करतो, फक्त सगळे लिहून ठेवतो. गड्डा कापल्यावर आतून पांढरा की पिवळा, वास येतो की नाही, मुळांच्या टोकाला गाठी धरतात का, पानाच्या पाठीवर लव आहे का, फुलोऱ्यातल्या सहपत्रांचा रंग कोणता, फुलाची नळी किती लांब, परागकोशाचा आकार कसा. मग ह्या वंशातल्या आधी नाव मिळालेल्या जातींशी ते एकेक करून ताडून पाहावे लागते. त्यासाठी वाळवलेल्या नमुन्यांची संग्रहालये असतात. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र १९५५ पासून आहे, मुंबईला सेंट झेवियर महाविद्यालयात ब्लॅटर संग्रहालय आहे. १९५८ पासून असा नियम आहे की, नव्या जातीबरोबर एक प्रमाण-नमुना नेमून ठेवलाच पाहिजे. पुढे कधी वाद निघाला तर तो नमुना साक्षीला उभा राहतो. १९३५ पासून २०११ अखेर नव्या जातीचे वर्णन लॅटिन भाषेतच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

आले-हळदीच्या कुळात मात्र एक मोठी अडचण आहे, आणि ती मी स्वतः भोगली आहे. इतर फुले कागदात दाबून वाळवता येतात. चवरीचे फूल दाबले, की त्याचा लगदा होतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने दहा-बारा फुले वर्तमानपत्रात दाबून नेली. आठवड्याने कागद उघडला तर तपकिरी डागांखेरीज हाती काही लागले नाही. पुढच्या श्रावणापर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून ह्या कुळातली फुले जागेवरच, ताजी असताना पाहायची, मोजायची, त्यांचे चित्र काढायचे आणि काही स्पिरिटात ठेवायची. ह्या कुळातल्या पुष्कळ जातींची ओळख इतकी दिवस घोटाळ्यात राहिली, त्याचे हे एक मोठे कारण.

चवरीच्याही वाट्याला घोटाळा आलाच. १८९० साली इंग्लंडातल्या क्यू येथील बेकर यांनी तिला हळदीच्या वंशातून काढले आणि 'हिचेनिया' ह्या दुसऱ्या वंशात घातले. त्यांचेही चुकले असे म्हणता येणार नाही. चवरीच्या फुलाची नळी लांब, आणि हळदीच्या परागकोशाच्या तळाशी असतात तशा नख्या हिच्या फुलात नाहीत. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत ती हिचेनिया म्हणूनच राहिली. एकविसाव्या शतकात वनस्पतींच्या पेशींतली डीएनए ही आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहता येऊ लागली. तेव्हा दिसून आले, की फुलाचे रूप निराळे असले तरी रक्त हळदीचेच आहे. म्हणून चवर पुन्हा कर्क्युमा झाली, माहेरी परतली म्हणा. शिक्षकबंधूंना जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्यात दुसरे दिसले, तर त्यांनी गोंधळून जाऊ नये. जातीचे 'कॉलिना' हे नाव दोन्हीकडे तेच आहे.

आपण म्हणाल, ह्या नावाच्या खटाटोपातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? त्याचे उत्तर हळदीच्या वाफ्यातच आहे. मळ्यातल्या हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रे असतात. बी धरायचे तर गुणसूत्रांचे दोन सारखे भाग व्हावे लागतात, आणि ६३ चे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून हळदीला फूल येते, पण बी जवळजवळ धरत नाही. आपण वर्षानुवर्षे गड्डाच लावतो, म्हणजे तेच झाड पुन्हापुन्हा लावतो. त्यात नवे गुण येण्याची वाट अरुंद आहे. कंदकूज शिरली, तर सगळा वाफा सारखाच बळी पडतो. रानातल्या कित्येक जातींत गुणसूत्रे ४२ असतात आणि त्या बी धरतात. शेकडो पिढ्या त्यांनी डोंगरातला धो धो पाऊस, कीड आणि कूज सोसली आहे. उद्या कधी रोगाला दाद न देणारा गुण शोधायची वेळ आली, तर ह्या सोयऱ्यांचेच दार ठोठवावे लागेल. त्या वेळी ते घरात असले पाहिजेत.

आणि ही चवर जगात इतरत्र कोठे नाही. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर तेवढी ती सापडते. तिच्या कंदांत पिठूळ सत्त्व असते. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला त्याचे आरारूट करीत. आज कास, कोयना आणि चांदोली ही जागतिक वारशाच्या यादीत २०१२ सालापासून आहेत. चांदोलीचे रान सांगली जिल्ह्याच्या शिराळ्याच्या अंगाला आहे, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला हळदीची पेठ आणि दुसऱ्या टोकाला हळदीच्या भावंडांचे रान. पण ज्याला नाव नाही, त्याची यादीत नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते रस्त्याखाली किंवा इमारतीखाली गेले तरी कोणाला पत्ता लागत नाही. शोध संपलेले नाहीत. साताऱ्याच्या नावाची 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस', म्हणजे आपला वायतुरा, ही जाती शास्त्रात आली ती १९८२ साली.

गावोगावच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच. जवळच्या डोंगरात रानहळद, रानआले दिसले तर उपटू नका. राखीव रानात परवानगीवाचून पानही तोडता येत नाही. मुलांना वही घेऊन बसवा. दिवस, ठिकाण, फुलाचा रंग आणि गावातले नाव लिहून घ्या. शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्या. 'रानहळद' हे एकच नाव आपण तीन-चार निरनिराळ्या जातींना लावतो, म्हणून नुसते नाव पुरत नाही. काही निराळे वाटले, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या केंद्राला कळवा.

त्या आजोबांना मी पुढच्या वर्षी पुन्हा भेटलो. ह्या खेपेस मी सांगितले कमी आणि विचारले जास्त. चवर कधी वाळते, रानडुकरे कोणते कंद उकरतात आणि कोणत्यांना तोंड लावीत नाहीत, कोठल्या उतारावर ती पूर्वी होती आणि आता नाही, हे सारे त्यांनी सांगितले. माझ्या वहीची दोन पाने भरली. त्यांतली निम्मी माहिती मला कोणत्याही पुस्तकात आढळली नव्हती.