‘सही करू नकोस’ म्हटल्याने समन्स टळतं का?

बेलिफ दारात उभा दिसला, की आतून हमखास आवाज येतो: ‘सही करू नकोस, कागद घेऊ नकोस!’ कागदच घेतला नाही तर दावा पुढे सरकणार कसा, हा हिशेब गावातल्या वाड्यातही होतो आणि सोसायटीच्या सातव्या मजल्यावरही.

पण दिवाणी प्रक्रिया संहितेने या नकाराची सोय आधीच करून ठेवली आहे. सही नाकारली, तर बेलिफ समन्सची प्रत दाराला चिकटवतो. घर कुणी दाखवलं, चिकटवताना कोण हजर होतं, हे लिहून कोर्टाला कळवतो. रजिस्टर्ड पोस्टाचं पाकीट ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत गेलं, तरी बजावणी झाल्याचं कोर्ट धरतं. मग दावा एकतर्फी चालतो. तसा हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्यासाठी समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं किंवा गैरहजेरीला सबळ कारण होतं, हे पटवावं लागतं. स्वतःच दार लावून घेणाऱ्याने ते कसं पटवायचं? समन्स घेतलं असतं तर लेखी कैफियत द्यायला ३० दिवस मिळाले असते, आणि कोर्टाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर एकूण ९० पर्यंत.

दुसरा समज: समन्स आलं म्हणजे माणूस गुन्ह्यात अडकला. रस्त्यावरचा अपघात पाहिलेल्या दुकानदारालाही समन्स येतं, साक्षीसाठी. त्याला कोर्टाकडून भत्ताही मिळू शकतो. समन्स हजर राहायला सांगतं, वॉरंट पोलिसांना पकडून आणायला. मात्र फौजदारी समन्सकडे सबळ कारणाशिवाय पाठ फिरवली, तर पुढचा कागद वॉरंटचा असू शकतो. शिवाय कोर्टाने बोलावूनही मुद्दाम न जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘घरात पुरुषमाणूस नाही, नंतर या’ हे उत्तर मात्र निव्वळ बहाणा नव्हतं. संबंधित व्यक्ती सापडली नाही, तर फौजदारी समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच द्यावं, असं १९७३ची संहिता सांगत होती. दिवाणी कायद्याने १९७६च्या दुरुस्तीत बायकांनाही मोजलं. फौजदारी कायद्याला त्यासाठी १ जुलै २०२४ उजाडावा लागला. त्या दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतून ‘पुरुष’ हा शब्द गेला. घरचा नोकर मात्र आजही कुटुंबात धरला जात नाही.

याच संहितेने कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक रूपातही चालेल असं म्हटलं, आणि त्यातून नवा गोंधळ झाला. पोलिसांची चौकशीला हजर राहण्याची कलम ३५ची नोटीस वेगळी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये बजावलं. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारे तर सरळसरळ भामटे; अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. आलेल्या समन्सबद्दल शंका असली, तर त्यावरचा खटला क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो, किंवा त्या कोर्टाच्या कार्यालयात जाऊन विचारता येतं.