एक विजय, सोळा पराभव आणि खापर

मैदानामागचा हिशेब : भाग ७

२०२३-२४ च्या हंगामात हैदराबाद एफसी हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये २२ सामने खेळला. जिंकला एक, बरोबरीत सोडवले पाच, हरला सोळा. गुण आठ, आणि बारा संघांत क्रमांक बारावा. दोनच वर्षं आधी, २० मार्च २०२२ रोजी, याच संघाने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर केरला ब्लास्टर्सला हरवून ही स्पर्धा जिंकली होती. गोव्याच्या साहिल तावोराने ८८व्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि पेनल्टींत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले. आदिलाबादेत फुटबॉलची चर्चा क्रिकेटच्या पासंगालाही पुरत नाही. तरी त्या रात्री इथल्या मोबाइलांवरही कट्टीमनीच्या उड्या फिरत होत्या. गचीबावलीचं मैदान इथून महामार्गाने तीनेकशे किलोमीटर, पण संघ राज्याचा म्हणून आपला.

मग हा आपला संघ बुडवला कुणी? मागच्या भागात खेळाडूच्या करारातली कलमं वाचून झाल्यावर हा प्रश्न येणारच होता.

खापर फोडायला सगळ्यात सोयीचं डोकं प्रशिक्षकाचं. तो बाकाजवळ उभा दिसतो, हातवारे करतो, हरल्यावर पत्रकारांसमोर बसतो. त्या हंगामात ती जागा थांगबोई सिंगतो यांची होती, आणि समाजमाध्यमांवर त्यांना बोल लावणाऱ्यांची कमी नव्हती. पण विजेतेपदाच्या वर्षी मानोलो मार्केझ यांचे सहायक म्हणून काम पाहणारे सिंगतोच होते. तोच माणूस, तोच क्लब. दोन वर्षांत त्यांची फुटबॉलची समज आटली असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. मला ते पटत नाही.

खुद्द मार्केझ यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २०२४-२५ मध्ये ते एकाच वेळी एफसी गोवा आणि भारतीय संघ असे दोन्ही सांभाळत होते. गोव्याला त्यांनी मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकून दिला. भारतासोबत आठ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध, आणि जुलैमध्ये ते पद सोडून गेले. एकाच वर्षात हा माणूस एका दारी हुशार आणि दुसऱ्या दारी नालायक कसा ठरतो? खेळाडू निवडायला आणि सराव घ्यायला मिळणारा वेळ, संघाची घडी, वरच्या लोकांचा कारभार, हे सगळं दोन्हीकडे निराळं होतं.

याचा अर्थ प्रशिक्षकाला काही किंमतच नाही असा नव्हे. २०१९-२० च्या पहिल्या हंगामातही हैदराबाद तळालाच होता, १८ सामन्यांत दोन विजय. मार्केझ २०२० मध्ये आले आणि आकाश मिश्रा, आशीष राय, लिस्टन कुलासो, मोहम्मद यासिर अशा कोवळ्या पोरांना त्यांनी बेधडक मैदानात उतरवलं. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला, दुसऱ्या वर्षी विजेता झाला, तिसऱ्या वर्षी साखळीत दुसरा. हे श्रेय त्यांचंच. पण चांगला प्रशिक्षक हाती असलेल्या साधनांतून जास्त पीक काढतो. साधनंच काढून घेतली तर तोही हात चोळत बसतो.

नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या अव्वल साखळीतल्या १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास केला. प्रशिक्षकाला काढल्यावर निकाल सुधारतात, हे खरंच दिसलं. मात्र तितक्याच वाईट घसरणीतून जाऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघसुद्धा साधारण तसेच सावरले. दुसरा एक जाणकार, स्टीफन शिमान्स्की, इंग्लंडच्या क्लबांचे पगाराचे आकडे घेऊन बसला. दहा वर्षांची सरासरी काढली, तर क्रमवारीतला सुमारे नव्वद टक्के फरक पगारावरच्या खर्चातून समजतो असं त्याला आढळलं. जो जास्त देतो तो वर राहतो. अर्थात शिमान्स्कीच्या हिशेबात एक गोष्ट न बोलता गृहीत आहे : ठरलेला पगार खेळाडूच्या हातात पडतो.

हैदराबादेत नेमकं तेच होत नव्हतं. खेळाडू आणि कर्मचारी यांचे पैसे थकत गेले, तक्रारी फिफापर्यंत गेल्या आणि क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी आली. ही बंदी कशी चालते ते नीट समजून घेण्याजोगं आहे, कारण संघ मैदानाबाहेर कसा हरतो ते त्यातून कळतं. फिफाच्या नियमांप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडून तो मोकळा, वर थकबाकी आणि भरपाई मागायलाही मोकळा. फिफाच्या न्यायमंडळाने निकाल दिल्यावर ४५ दिवसांत क्लबने पैसे भरले नाहीत, तर नवी भरती बंद. ही बंदी तीन भरती-काळ चालू शकते, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष.

आता या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहा. जाणारा जाऊ शकतो, येणारा येऊ शकत नाही. आणि जातो कोण? ज्याला बाहेर मागणी आहे तोच, म्हणजे संघातला चांगला खेळाडू. परदेशी खेळाडू आधी गेले, जानेवारी २०२४ च्या भरती-काळात नावाजलेले भारतीय खेळाडूही दुसऱ्या क्लबांत गेले. मागे उरली ती बहुतांशी राखीव संघातली पोरं. त्यांनी मुंबई सिटी, मोहन बागान यांच्यासमोर उभं राहायचं आणि लोकांनी घरी बसून म्हणायचं, पोरांत जीवच नाही! मालकाने वेळेवर बी दिलं नाही आणि दिवाळीला कापसाच्या उताऱ्यावरून सालगड्याला जाब विचारला, तर आमच्या बेला-जैनथ भागात त्याला काय म्हणतील ते इथे छापण्यासारखं नाही.

म्हणजे दोष मालकांचा. हो, सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच, याबद्दल मी आढेवेढे घेणार नाही. खेळाडूशी करार करताना पुढच्या वर्षाचा पगार कुठून येणार हे बघायचं काम ना प्रशिक्षकाचं, ना गोलरक्षकाचं. पण इथेच थांबलो तर या लेखमालेचं नाव फुकट जाईल. कारण पुढचा प्रश्न असा की एकामागून एक मालक याच खड्ड्यात का पडतात?

या संघाची जन्मकुंडली पाहा. हैदराबाद एफसी २०१९ मध्ये अवतरला तो एफसी पुणे सिटीच्या जागेवर. वाधवान समूहाचा हा पुण्याचा संघ २०१४ पासून बालेवाडीत खेळत होता. पाच हंगामांत सहा परदेशी प्रशिक्षक झाले. एकदाच, २०१७-१८ मध्ये, उपांत्य फेरी गाठली. २०१८ नंतर समूहाच्या डीएचएफएल या वित्तकंपनीची गाडी रुळांवरून घसरली आणि तिच्यामागे क्लबही गेला. विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी यांनी ती जागा घेतली, बरेच खेळाडू आणि फिल ब्राउन हे प्रशिक्षकही पुण्याहून तसेच हैदराबादला आले. ब्राउन जानेवारी २०२० मध्येच गेले. सिंगतोंच्या आधी खापर फुटलेलं ते डोकं.

आणि एफसी पुणे सिटी हा पुण्यातला एकटाच बळी नव्हता. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये चक्क दुसरा आला, आणि पुढे बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये संपला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर त्याआधीच, २०१० मध्ये गुंडाळला गेला, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता असूनसुद्धा. यातले काही मालक बुडाले, काही अगदी सुखरूप होते. महिंद्रांकडे पैसे नव्हते असं कोण म्हणेल? तरी क्लब बंद झाला. मालकांच्या स्वभावापेक्षा खोलवर काहीतरी सडलेलं आहे.

ते आकड्यांत पाहू. २०२२ मध्ये हैदराबाद विजेता झाला तेव्हा विजेत्याचं बक्षीस होतं सहा कोटी रुपये. त्याच काळात एका संघाच्या पगारखर्चावर घातलेली मर्यादा होती साडेसोळा कोटी. म्हणजे देशातली सगळ्यात मोठी साखळी जिंकली तरी पगाराचा जेमतेम तिसरा हिस्सा निघतो. याशिवाय दरवर्षी साखळी चालवणाऱ्या कंपनीला द्यायची कोट्यवधींची फी, प्रवास, हॉटेलं, मैदानाचं भाडं, अकादमी. तिकिटं आणि प्रायोजक यांतून हे भरून निघत नाही. उलट जिंकल्याने खर्च वाढतो : विजेत्या संघाच्या खेळाडूला शेजारचा क्लब जास्त पगार दाखवतो, त्याला ठेवायचं तर तुम्हालाही वाढवावा लागतो. २०२४ चा पराभव २०२२ च्या विजयातच पेरला गेला होता असं मी म्हणतो ते यामुळे.

आता प्रेक्षक. लोक मैदानात येत नाहीत म्हणून क्लब मरतात, हे मालकांच्या तोंडी नेहमीचं. हैदराबादच्या बाबतीत हे म्हणणं जरा निर्लज्जपणाचंच आहे. कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्णपणे गोव्यात झाले, बहुतेक रिकाम्या स्टेडियमांत. बार्थोलोम्यू ओग्बेचेने ज्या वर्षी १८ गोल मारले, त्या वर्षी हैदराबादच्या माणसाला त्यातला एकही गोल आपल्या शहरात पाहता आला नाही. संघ घरी परतला तो २०२२-२३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पगार थकले. जिंकणाऱ्या संघावर माया जडायला प्रेक्षकाला एकच हंगाम मिळाला. तरी ‘डेक्कन लीजन’ हा चाहत्यांचा गट हरणाऱ्या संघामागे उभा होता.

आणि हैदराबादेत फुटबॉलची हवाच नाही, हे तर इतिहासाला धरून नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीसने मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप उचलला. तेव्हा आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता, किनवट आणि राजुरा आदिलाबादेत होते. म्हणजे आज महाराष्ट्रात असलेल्या त्या तालुक्यांचाही तो घरचाच संघ. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी १९५१ आणि १९६२ मध्ये देशाला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. रहीमसाहेबांच्या बुद्धीबद्दल दुमत नाही. पण त्यांचे खेळाडू पोलीस खात्याच्या नोकरीत होते. जिंको वा हरो, महिनाअखेरीला पगार ठरलेला. तो आधार पुढे विरत गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक क्लबांनी तेवढी एक साधी हमी काही उभी केली नाही.

ती हमी उभी करून घेणं हे काम कुणाचं? साखळी चालवणाऱ्यांचं आणि भारतीय फुटबॉल महासंघाचं. आशियाई महासंघाच्या परवाना-नियमांत खेळाडूंची थकबाकी नसणं ही अट आहे. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच क्लबची वही तपासायची, पैसे दिसले नाहीत तर खेळू द्यायचं नाही. आपल्याकडे वही तपासली जाते, शेरा मारला जातो आणि सामने सुरू होतात. एक संघ कमी झाला तर वेळापत्रक, प्रक्षेपण, प्रायोजक सगळंच विस्कटतं, म्हणून कुणी खिळा ठोकत नाही. या साखळीत तेव्हा खालच्या विभागात घसरण नव्हती, त्यामुळे तळाला जाऊनही जागा शाबूत. हैदराबाद २०२४-२५ मध्ये पुन्हा खेळला आणि १३ संघांत बारावा आला. मालक तोवर बदलले होते, बी. सी. जिंदल समूह आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगतो गेले आणि शमील चेंबकत आले. क्रमांकात मात्र फार फरक पडला नाही.

वरच्यांचा कारभार किती पोकळ होता ते २०२५ मध्ये उघडंच पडलं. महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी दिले होते, वर्षाला पन्नास कोटींच्या हिशेबाने. ८ डिसेंबर २०२५ ला करार संपणार हे पंधरा वर्षं आधीच ठाऊक होतं. तरी जुलैमध्ये नवा हंगाम थांबवावा लागला, आणि नव्या निविदेला एकही बोली आली नाही. ज्या दुकानाला गिऱ्हाईक नाही, त्यातल्या एका फळीवरची वस्तू का खपली नाही म्हणून नोकराला धरायचं?

तर माझी वाटणी अशी : सगळ्यात मोठा वाटा न झेपणारे करार करणाऱ्या मालकांचा. त्याच्या थोडाच खाली, रिकामी वही पाहूनही शिक्का मारणाऱ्या साखळीचा आणि महासंघाचा. मग बऱ्याच अंतराने मैदानावरचे निर्णय. पगाराविना खेळलेल्या पोरांच्या नावावर मी काहीही लिहिणार नाही. कुणाला ही वाटणी प्रशिक्षकाला फार सोडून देणारी वाटेल. त्यांनी सिंगतोंचं २०२२ आणि २०२४ शेजारी शेजारी ठेवून आपली वाटणी करून पाहावी.

हैदराबाद एफसी आता त्या नावाने उरलेला नाही. २०२५ मध्ये तो राजधानीत हलवला गेला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला. पुण्याहून निघालेली जागा हैदराबादमार्गे दिल्लीला पोचली, आणि दोन्ही शहरांतल्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. जर्मनीत ‘५०+१’ नावाचा एक नियम आहे, ज्याने क्लबमधली बहुमताची सूत्रं सभासदांच्या हातात राहतात, त्यामुळे क्लब असा उचलून नेणं तिथे जवळपास अशक्य आहे. तो नियम कसा चालतो, त्यातून पळवाटा कोणी काढल्या आणि आपल्याकडे तो लावायचा म्हटलं तर कुठे अडेल, ते पुढच्या आठवड्यात.