आपोआप येणारी उत्तरे आणि इनबॉक्सची चाळणी

सगळ्या पालकांना एकच ईमेल पाठवला, की थोड्याच वेळात "मी रजेवर आहे" अशी उत्तरे यायला लागतात. ती कोणी बसून लिहीत नाही, खातेच आपोआप पाठवते. पण या गर्दीत एखाद्या आईचा खरा प्रश्न दिसेनासा होतो. यावर उपाय म्हणजे फिल्टर, म्हणजेच मेलची चाळणी.

जीमेल संगणकावर उघडा. मोबाईल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा. विषयाच्या रकान्यात 'ऑटोमॅटिक रिप्लाय' हे शब्द इंग्रजीत लिहा, कारण अशा बऱ्याच मेलच्या विषयात तेच असतात. पुढे, मेल इनबॉक्समध्ये न आणता त्याला लेबल लावण्याचे पर्याय निवडा. डिलीट मात्र निवडू नका. "तातडीचे असल्यास या नंबरवर फोन करा" असा कामाचा मजकूरही त्यात असू शकतो.

आणखी एक महत्त्वाचे. 'मेलर-डेमन'कडून येणारा मेलही आपोआपच येतो, पण त्याला चाळणी लावू नका. आपला मेल पोहोचलाच नाही, हे तोच सांगतो. तो नजरेआड झाला, तर एखाद्या घरी सहलीची सूचना गेलीच नाही, हे आपल्याला कळणार कसे?